इंद्रलाल रॉय: हॅमरस्मिथच्या शाळेपासून एस्तवेलच्या थडग्यापर्यंत

निघण्याआधी

इंद्रलाल रॉय हा लंडनच्या सेंट पॉल्स स्कूलचा विद्यार्थी. जन्म कोलकात्यातला, 2 डिसेंबर 1898 चा. वैमानिक व्हायला गेला तेव्हा डोळे अधू म्हणून नाकारला गेला. त्यानं मोटरसायकल विकून त्या पैशात नावाजलेल्या नेत्रतज्ज्ञाकडून पुन्हा तपासणी करून घेतली आणि 1917 साली रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये शिरला. 22 जुलै 1918 रोजी उत्तर फ्रान्समधल्या कार्व्हँ गावावर झालेल्या हवाई झुंजीत त्याचं विमान पडलं. तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. एस्तवेल नावाच्या खेड्यातल्या गावस्मशानात त्याचं थडगं आहे.

शाळेच्या फलकावरचं एक नाव घेऊन त्याच्या थडग्यापर्यंत जायचं, तर प्रवासाचं निम्मं काम घरी बसून होतं, आणि ते नीट झालं नाही तर फ्रान्समध्ये नुसती पायपीट होते. पहिली जागा कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची, म्हणजे युद्धात मेलेल्यांची थडगी आणि नोंदी सांभाळणाऱ्या संस्थेची यादी. इथे भारतीय माणूस हमखास फसतो. रॉय भारतीय, म्हणून शोधाच्या चौकटीत 'भारतीय सैन्य' निवडलं की काहीच सापडत नाही, कारण तो ब्रिटिश वायुदलात होता आणि यादीत तो ब्रिटिशांमध्ये मोडतो. दलाचा रकाना कोरा ठेवावा आणि आडनाव, आद्याक्षर आणि मृत्यूचं वर्ष एवढ्यावरच शोधावं.

शिपाई शोधत असाल तर आडनावावरही भिस्त ठेवू नका. रोमन लिपीत लिहिणारा कारकून इंग्रज, सांगणारा मराठी. त्यामुळे जाधवचा जादो किंवा जाधाव होतो, शिंदेचा सिंदे, पवारचा पोवार. शिपायाचा क्रमांक आणि पलटण हाती असेल तर तेच धरून चालावं. भारतीय शिपायांच्या नोंदीत बऱ्याचदा वडलांचं नाव, गाव, तालुका आणि जिल्हा असतो, आणि खातरजमा करायला तेच कामी येतं. पंजाबातल्या गावांच्या भरतीच्या नोंदवह्या लाहोरच्या संग्रहालयात होत्या, त्या आता संगणकावर आल्या आहेत. साताऱ्या-रत्नागिरीच्या माणसाला मात्र त्यांचा उपयोग नाही.

व्हिसा दोन लागतात, ब्रिटनचा वेगळा आणि शेंगेनचा वेगळा. शेंगेनचा अर्ज ज्या देशात जास्त रात्री काढणार त्या देशाकडे करायचा, म्हणजे इथे फ्रान्सकडे. लंडनहून फ्रान्सला जाऊन पुन्हा लंडनला यायचं असेल तर ब्रिटनचा व्हिसा एकापेक्षा जास्त प्रवेशांचा आहे ना, हे पाहून घ्यावं.

पहिला दिवस: हॅमरस्मिथ, बार्न्स, क्यू

सेंट पॉल्स स्कूलच्या आजच्या इमारतीत रॉयनं कधी पाऊल ठेवलेलं नाही. तो शिकला ती शाळा हॅमरस्मिथ रोडवर होती, आल्फ्रेड वॉटरहाउसनं बांधलेली, लाल विटांची. 1968 मध्ये शाळा नदीपलीकडे बार्न्सला गेली आणि जुनी मुख्य इमारत पाडली गेली. जुन्या जागी आता बाग आहे, आणि कडेची एक इमारत उरली आहे. दुसऱ्या महायुद्धात याच जुन्या शाळेत ब्रिटिश सेनापती माँटगोमेरीचं मुख्यालय होतं आणि नॉर्मंडीवरच्या चढाईचा आराखडा मे 1944 मध्ये इथेच मांडला गेला. माँटगोमेरीही याच शाळेचा माजी विद्यार्थी.

तिथून बार्न्सला हॅमरस्मिथ पुलावरून चालत जावं. हा पूल 2019 पासून मोटारींना बंद आहे, त्यामुळे टॅक्सीनं निघालात तर मोठा वळसा पडतो. पायी मात्र सरळ पलीकडे उतरता येतं. शाळा चालू असते आणि फाटकावर जाऊन 'फलक बघायचाय' म्हटलं तर आत कुणी सोडत नाही. बरंच आधी अभिलेखपालाला पत्र टाकायचं. त्या पत्रात 'माहिती द्यावी' असं मोघम लिहू नये. प्रवेशाचं साल, सोडल्याचं साल, कॅडेट कोअरमधली नोंद आणि शाळेच्या मासिकातला मृत्युलेख, हे चार प्रश्न सुटे सुटे विचारले की चारांची उत्तरं येतात. शाळांच्या स्मृतिफलकांवर हुद्दा आणि तारीख चुकलेली असणं नवं नाही. फलक घाईत, घरच्यांनी सांगितलेल्या माहितीवर बनलेले असतात. 'लढताना ठार' आणि 'जखमांनी मृत्यू' यांत गल्लत तर सर्रास होते.

दुपारी हॅमरस्मिथहून डिस्ट्रिक्ट लाइननं क्यू गार्डन्स. रिचमंडकडे जाणारीच गाडी पकडायची. ब्रिटनचं राष्ट्रीय अभिलेखागार क्यूला आहे, स्टेशनपासून चालत दहा-एक मिनिटांवर. रविवारी आणि सोमवारी वाचनकक्ष बंद. मूळ कागद पाहायचे तर वाचकपत्र लागतं, त्यासाठी एक ओळखीचा आणि एक पत्त्याचा पुरावा मूळ प्रतीत न्यावा. आत शाईपेन चालत नाही, पेन्सिलच. फोननं फोटो काढायला मात्र पैसे पडत नाहीत.

वायुदलातल्या माणसाचे कागद दोन ठिकाणी फुटलेले असतात हे आधी ध्यानात घ्यावं. रॉयल फ्लाइंग कोअर हा भूदलाचा भाग होता. 1 एप्रिल 1918 ला त्याचं रॉयल एअर फोर्स झालं. त्या तारखेनंतर जो अधिकारी नोकरीत होता त्याची सेवानोंद 'एअर 76' मालिकेत आहे आणि ती संगणकावरून उतरवून घेता येते, त्यासाठी क्यूला जायची गरज नाही. त्याआधीच मेला असेल तर भूदलाच्या अधिकाऱ्यांच्या फाइली, म्हणजे 'डब्ल्यू-ओ 339', चाळाव्या लागतात. साधा सैनिक असेल तर नशीब. 1940 च्या सप्टेंबरात बाँबहल्ल्याच्या आगीत पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांच्या निम्म्याहून जास्त सेवानोंदी जळाल्या, आणि ज्या वाचल्या त्यांच्याही कडा करपलेल्या आहेत.

क्यूला बघायचं ते स्क्वॉड्रनचं कागदपत्र, 'एअर 1' मालिकेतलं. रॉय आधी 56 नंबरच्या स्क्वॉड्रनमध्ये होता. डिसेंबर 1917 मध्ये त्याचं एस-ई-5-ए विमान कोसळलं आणि तो जायबंदी झाला. बरा होऊन जून 1918 मध्ये 40 नंबरच्या स्क्वॉड्रनमध्ये आला, जॉर्ज मॅकएलरॉयच्या तुकडीत. 6 ते 19 जुलै या काळात त्याच्या नावावर दहा विजय जमा आहेत. त्यांतले तीन 8 जुलैच्या एकाच दिवशी. पण मरणोत्तर मिळालेल्या डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस या शौर्यपदकाच्या मानपत्रात, 21 सप्टेंबर 1918 च्या राजपत्रात, तेरा दिवसांत नऊ विमानं असा उल्लेख आहे. नऊ की दहा, यावर वाद घालत बसू नये. आकड्याच्या पुढे तो कुठून घेतला ते लिहावं, म्हणजे वाचणाऱ्याला दोन्ही तपासता येतात.

दुसरा दिवस: लंडन ते लांस

सेंट पँक्रासहून युरोस्टारनं लील, साधारण दीड तास. ब्रिटन आणि फ्रान्स दोघांचीही पासपोर्ट तपासणी लंडनलाच होते, म्हणून गाडीच्या तासभर आधी पोहोचणं कमीच पडतं, दीड तास धरावा. घड्याळ एक तास पुढे करायचं. लील युरोप स्टेशनवर उतरून लील फ्लांद्र या दुसऱ्या स्टेशनपर्यंत चालत जायचं, दहा मिनिटांच्या आत पोहोचतो. तिथून प्रादेशिक गाडीनं लांस. मुक्काम लांसलाच बरा. एस्तवेलला राहायची सोय शोधण्यात वेळ घालवू नये. पाणी आणि दुसऱ्या दिवसाचं खाणं इथेच भरून घ्यावं, कारण खेड्यातली दुकानं दुपारी बंद असतात आणि रविवारी-सोमवारी तर उघडतील याचा भरवसा नाही.

तिसरा दिवस: एस्तवेल

लांसहून पाँ-आ-व्हाँदँ स्टेशन थोड्याच मिनिटांवर आहे, आणि तिथून एस्तवेल दोनेक किलोमीटर. दिवसातल्या गाड्या मोजक्या. परतीची वेळ आधी लिहून घ्यावी, फोनवर विसंबू नये.

सगळा सपाट, एके काळी कोळशाच्या खाणींचा मुलूख. जुलै 1918 मध्ये हा भाग जर्मनांच्या ताब्यात होता. त्यामुळे इथे पडलेल्या वैमानिकाबद्दल त्याच्या तुकडीला आधी फक्त 'बेपत्ता' एवढंच लिहिता यायचं. बातमी पलीकडून पक्की व्हायला आठवडे लागत. शाळेच्या मासिकात आणि तारेत दिसणाऱ्या वेगवेगळ्या तारखांचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

एस्तवेलचं स्मशान हे लष्करी नव्हे, गावाचं आहे. अशा ठिकाणी फाटकावर कमिशनची छोटी हिरवी पाटी असते, आत कॉमनवेल्थची मोजकी थडगी आहेत एवढंच ती सांगते. मोठ्या लष्करी स्मशानात असते तशी पितळी दाराची नोंदवहीची पेटी इथे शोधू नये. नकाशा आणि नोंद घरूनच छापून आणावी.

कमिशनचा नेहमीचा दगड ओळखायला सोपा. 813 मिलिमीटर उंच, 381 रुंद, 76 जाड, माथा किंचित वाटोळा. वर पलटणीचं चिन्ह, मग क्रमांक, हुद्दा, नाव, दल, मृत्यूची तारीख, वय. खाली धर्मचिन्ह आणि तळाशी घरच्यांनी निवडलेली ओळ. त्या ओळीला 66 अक्षरांची मर्यादा होती, शब्दांमधल्या मोकळ्या जागाही त्यात मोजल्या जात, आणि सुरुवातीला अक्षरामागे साडेतीन पेनी आकारायचे. गरीब घरच्या दगडांचा तळ कोरा का, याचं एक कारण तिथे आहे. रॉयचं थडगं या साच्यातलं नाही. ते खासगी, वेगळ्या बांधणीचं आहे, म्हणून पांढऱ्या दगडांच्या रांगेत शोधत राहिलात तर डोळ्यांसमोर असून दिसणार नाही. त्यावर बंगालीत कोरलंय: महावीराची समाधी आहे, मान द्या, हात लावू नका. बंगाली लिपी हीच खूण धरून जावं.

अक्षरं पुसट वाटली तर खडू, पीठ, दाढीचा फेस असलं काहीही लावायचं नाही. या गोष्टी दगडाच्या छिद्रांत राहतात, शेवाळ वाढवतात, आणि घासताना धार जाते. कडेनं येणाऱ्या उन्हात अक्षरं आपोआप उठून दिसतात, तेव्हा सकाळी किंवा संध्याकाळी यावं. ढगाळ असेल तर छोटा आरसा बाजूला धरून उजेड तिरका पाडावा. फोटो चार हवेत: संपूर्ण थडगं समोरून, नुसता मजकूर, शेजारच्या थडग्यांसह, आणि फाटकापासून. शेवटचा फोटो पुढच्या माणसासाठी असतो, तोच लोक विसरतात.

पॉपीचा लाकडी क्रूस हिंदू कुटुंबातल्या मुलाच्या थडग्यावर रोवावा का, हा प्रश्न येतोच. ब्रिटिश लीजन या माजी सैनिकांच्या संस्थेकडे इतर धर्मांच्या खुणा असलेल्या आणि बिनखुणेच्याही पट्ट्या मिळतात, बिनखुणेची न्यावी. आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली फुलं ठेवून निघून जाऊ नये, कचरा काढायचं काम गावातल्या कुणाला तरी लागतं. 1 नोव्हेंबरच्या सुमारास आलात तर सगळं स्मशान शेवंतीनं भरलेलं दिसेल, फ्रान्समध्ये तो पितरांचा दिवस. फोटोला तो काळ वाईट आणि बाकी सगळ्याला चांगला.

चौथा दिवस: नव्ह-शापेल

लांसहून गाडी भाड्यानं घ्यावी किंवा टॅक्सी आदल्या दिवशी परतीसकट ठरवावी. ला बासेहून एस्तेरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, नव्ह-शापेल गावाच्या नैर्ऋत्येला 800 मीटरवर भारतीय स्मारक आहे. रस्त्यावर मालवाहू गाड्या वेगात असतात. चौकात गाडी लावून रस्ता ओलांडताना सांभाळावं. शेताच्या कडेला गंजलेला तोफगोळा पडलेला दिसला तर हात लावू नये, आजही ते नांगराबरोबर वर येतात आणि आजही फुटतात.

हर्बर्ट बेकरनं आखलेलं हे गोल आवार 7 ऑक्टोबर 1927 ला खुलं झालं. एका बाजूला दगडी जाळी, दुसऱ्या बाजूला भरीव भिंत, त्या भिंतीवर नावं. मध्ये जवळजवळ 15 मीटरचा स्तंभ, माथ्यावर कमळ, त्यावर ब्रिटिश मुकुट आणि भारताचा तारा, पायाशी दोन वाघ. ज्यांचं थडगं माहीत नाही अशा 4,700 हून अधिक भारतीयांची नावं इथे आहेत, सैनिकांची आणि मजुरांचीही. नावं अकारविल्हे लावलेली नाहीत: आधी पलटण, मग हुद्दा, मग नाव. पलटण माहीत नसेल तर भिंतीपुढे तासभर उभं राहूनही हाती काही लागत नाही. पॅनेलचा क्रमांक घरूनच आणावा.

मराठी वाचकानं इथे थांबावं ते सॅपर्स अँड मायनर्सच्या, म्हणजे लष्करी अभियंत्यांच्या नावांपाशी. खडकीच्या तिसऱ्या सॅपर्स अँड मायनर्सच्या 20 आणि 21 नंबरच्या कंपन्या 28 ऑक्टोबर 1914 ला 47 व्या शीख पलटणीबरोबर याच गावात घुसल्या. सुरुंग आणि पूल बांधायला शिकवलेली माणसं घराघरांतून संगिनीनं लढली आणि त्यांचे सगळे ब्रिटिश अधिकारी ठार किंवा जखमी झाले. गावाच्या नावानं ओळखली जाणारी मोठी लढाई त्यानंतरची, 10 ते 13 मार्च 1915 ची. फलकांवर आणि लेखांत या दोन्हींची सरमिसळ झालेली आढळते. तारीख ऑक्टोबरची असेल तर ती चूक समजून दुरुस्त करू नका.

तारखेवरून आणखीही ताडता येतं. भारतीय पायदळ 1915 च्या अखेरीस फ्रान्समधून हललं. त्यानंतर इथे मेलेला भारतीय बहुधा घोडदळातला किंवा मजूर तुकडीतला. आणि मराठा पलटणींतल्या माणसाचा शोध असेल तर फ्रान्सला यायच्या आधी मेसोपोटेमियाकडे, म्हणजे आजच्या इराककडे बघावं. 103, 110 आणि 117 नंबरच्या मराठा पलटणी कूतच्या वेढ्यात होत्या, आणि तिकडे बेपत्ता झालेल्यांचं स्मारक बसऱ्याला आहे. त्या स्मारकावर ब्रिटिशांची आणि भारतीय अधिकाऱ्यांची नावं कोरली गेली. भारतीय शिपायांचा मात्र पलटणीखाली नुसता आकडा. कोकणातल्या शाळेत शिकून पलटणीत गेलेल्या पोराचं नाव दगडावर सापडत नाही त्यामागे हा निर्णय आहे, शोधणाऱ्याचा निष्काळजीपणा नव्हे.

वेळ उरला तर उत्तरेकडे ला गोर्गच्या हद्दीतलं लाव्हाँती लष्करी स्मशान गाठावं. रॉयचा तुकडीप्रमुख मॅकएलरॉय तिथे आहे. रॉयनंतर नऊच दिवसांनी, 31 जुलैला, तोही गेला.

पाचवा दिवस: लोरेत आणि आरास

नोत्र-दाम-द-लोरेतच्या टेकडीवरचं 'स्मृतिवलय' 11 नोव्हेंबर 2014 ला उघडलं. नोर आणि पा-द-काले या भागात मेलेल्यांची 5,79,606 नावं, धातूच्या 500 पट्ट्यांवर. हुद्दा नाही, देश नाही, शत्रू-मित्र नाही, सरळ रोमन वर्णक्रम. कल्पना उदात्त आहे, शोधायला मात्र ही जागा अवघड. सिंग आडनावापुढे उभं राहिलं की कळतं. पुरावा म्हणून या फोटोचा उपयोग नाही; एकाच नावाची अनेक माणसं इथे शेजारी शेजारी आहेत आणि त्यांना वेगळं करणारं काहीच कोरलेलं नाही.

आरासला स्टेशनपासून चालत अर्ध्या तासावर फोबूर दामिएँ स्मशान. ज्या वैमानिकाचं थडगं सापडत नाही त्याला इथे, फ्लाइंग सर्व्हिसेस स्मारकावर शोधावं. पश्चिम आघाडीवर बेपत्ता झालेल्या सुमारे हजार वैमानिकांची नावं त्या खांबावर आहेत.

सहावा दिवस: आँगार

आरास ते आमिएँ, तिथून व्हिलेर-ब्रेतोनो. स्टेशनापासून आँगार पाच-सहा किलोमीटर दक्षिणेला. बहुतेक लोक उत्तरेच्या ऑस्ट्रेलियन स्मारकाकडे वळतात, या बाजूला गर्दी नसते. गावस्मशानाला जोडून वाढवलेल्या भागात मुंबईचा लेफ्टनंट श्रीकृष्ण वेलिणकर आहे. केंब्रिजच्या जीझस कॉलेजचा विद्यार्थी, 23 नंबरच्या स्क्वॉड्रनचा डॉल्फिन विमानाचा वैमानिक, मृत्यू 30 जून 1918. पश्चिम आघाडीवर लढलेल्या चार भारतीय वैमानिकांपैकी परत न आलेले दोघे, रॉय आणि हा. पुण्या-मुंबईतही हे नाव फारसं कुणाच्या तोंडी नाही, हे खटकतं.

आँगारचा हा भाग कॅनेडियनांनी ऑगस्ट 1918 मध्ये सुरू केला आणि युद्ध थांबल्यावर आसपासची थडगी इथे आणून तो वाढवला. थडगं जिथे आहे तिथेच माणूस पडला, असं म्हणूनच धरून चालता येत नाही. कमिशनच्या नोंदीखाली जुने हस्तलिखित तक्ते जोडलेले असतात. त्यांत थडगं हलवलेलं असेल तर मूळ जागेचा खंदक-नकाशावरचा संदर्भ मिळतो: आधी नकाशाच्या पानाचा क्रमांक, मग मोठं अक्षर, मग हजार यार्डांच्या चौकोनाचा आकडा, त्याचा चतुर्थांश दाखवणारं लहान अक्षर, आणि शेवटी पूर्वेकडे व उत्तरेकडे मोजायचे दोन आकडे. अक्षर 'बी' की 'डी' हे हस्ताक्षरात चुकलं तर पाचशे यार्ड भलतीकडे उभे राहता. शंका आली की त्याच तक्त्यातल्या वरच्या-खालच्या ओळी ताडून बघाव्यात, कारण एका जागेवरून उचललेली थडगी एकापाठोपाठ लिहिलेली असतात.

परतल्यावर

शाळेच्या फलकावर किंवा पुस्तिकेत घालायचा मजकूर लगेच लिहून काढावा. नाव जसं नोंदीत आहे तसं आणि घरचे लिहीत तसं, दोन्ही. हुद्दा मृत्यूच्या दिवशीचा, नंतर चिकटलेला नव्हे. स्क्वॉड्रन किंवा पलटण. मृत्यूची तारीख आणि ठिकाण. स्मशानाचं पूर्ण नाव आणि थडग्याचा किंवा पॅनेलचा क्रमांक. रॉयच्या बाबतीत भाचा सुब्रतो मुखर्जी, भारतीय वायुदलाचा पहिला भारतीय प्रमुख, हेही एका ओळीत येऊ शकतं, पण ते शेवटी.

कमिशनच्या नोंदीत चूक आढळली तर दुरुस्ती मागता येते. समकालीन कागद लागतो: मृत्यूचा दाखला, सेवानोंद, राजपत्र. शाळेचा फलक एकटा पुरेसा धरत नाहीत, आणि कुटुंबातली आठवण तर नाहीच. ज्याचं नाव मुळात यादीतच नाही त्याचाही अर्ज करता येतो, फक्त मृत्यू 4 ऑगस्ट 1914 ते 31 ऑगस्ट 1921 या काळातला हवा. नोकरी सुटल्यावर घरी मेला असेल तर मृत्यूचं कारण सेवेतल्या दुखण्याशी जोडणारा कागद हवा. बहुतेक अर्ज अडतात ते याच कागदावर.